खिशातला चाकू



माणसाच्या खिशात काय काय सापडते यावरून त्याच्या काळाची ओळख पटते, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बंडीच्या खिशात तपकिरीची डबी, पानाची चंची, अडकित्ता आणि बहुधा एक छोटासा मिटता चाकू असे. आजच्या माणसाच्या खिशात मोबाइल फोन, दोन-चार कार्डे आणि किल्ल्यांचा जुडगा असतो. तपकिरीची डबी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. तपकिरीबरोबर तिचे कामही गेले. चाकूचे तसे नाही. चाकू खिशातून गेला, पण त्याची कामे मात्र मागे राहिली, किंबहुना वाढली. घरपोच येणारे प्रत्येक खोके चिकटपट्टीने आवळलेले असते. औषधाचे पाकीट, दुधाची पिशवी, नव्या सदऱ्याला अडकवलेला प्लास्टिकचा दोरा, आगगाडीत सोबत घेतलेला पेरू, टपालाचे पाकीट, सुतळीची गाठ! ही सारी कामे आपण हल्ली दातांनी, नखांनी नाही तर दाराच्या किल्लीने करतो. दात आणि किल्ली यांपैकी एकही वस्तू कापण्यासाठी घडवलेली नाही, याची आठवण आपल्याला त्यांतले एखादे तुटल्यावरच होते.

म्हणून रोज खिशात बाळगता येईल असा छोटा, मिटता चाकू निवडावा कसा, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहे. विषय लहान आहे. पण निवड चुकली तर बोट कापते, पैसे वाया जातात, आणि क्वचित पोलिसाच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची पाळी येते.

प्रथम या वस्तूचे कूळ पाहू. ‘सुरी’ ही संस्कृतातल्या क्षुरिकेची लेक. ‘चाकू’ हा शब्द आपल्याकडे फारशीच्या वाटेने आला. आमचे बडोद्याचे गुजराती शेजारी त्यालाच ‘चप्पू’ म्हणतात. या सर्व नावांत मला सर्वांत बोलके वाटते ते फारशी-उर्दू लिहिणाऱ्या मुनशींचे नाव : ‘कलमतराश’, म्हणजे लेखणी तासणारा. इंग्रजांचा ‘पेननाइफ’ही तोच. तिकडे पिसाची लेखणी, इकडे बोरू. दोन्हींची टोके लिहिता लिहिता बोथट होत आणि दोन्ही तासण्यासाठी कारकुनाच्या हाताशी एक चिमुकले पाते लागे. मिटता चाकू तसा फार जुना, रोमन काळातलेही असे चाकू सापडले आहेत. पण खिशातला छोटा चाकू घरोघर पोचवला तो लिहिणाऱ्यांनी, लढणाऱ्यांनी नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो.

कारण चाकू घ्यायला निघालेल्या माणसाने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : मी हा कामासाठी घेतो आहे की भीतीसाठी? दुकानाच्या काचेआड आणि जाहिरातींत काळ्याकुट्ट पात्यांचे, दातेरी कडांचे, खटका दाबताच फाडकन उघडणारे चाकू मांडलेले असतात. तरुण मुलांना त्यांचा मोह पडतो. पुष्कळ आईबाप तर परगावी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या हाती ‘जवळ असावे काहीतरी’ म्हणून असे धूड देतात. माझे म्हणणे असे की, रक्षणासाठी म्हणून चाकू घेऊच नये. ज्याला त्याची तालीम नाही त्याच्या हातचा चाकू झटापटीत त्याच्यावरच उलटण्याचा संभव अधिक. आणि जो चाकू भीतीपोटी घेतला, तो पेरू कापण्यासाठी कधी बाहेर निघतच नाही. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचेच पाहा. त्यांचे कसब मोठे. पण हिंदी चित्रपटांनी त्यांचा लांब, कडकड वाजत उघडणारा चाकू गुंडाच्या मुठीत दिला, आणि ‘रामपुरी’ या शब्दालाच एक वाईट वास चिकटला. वस्तूची अब्रू ती कोणत्या हेतूने बाळगली जाते यावर ठरते.

कायद्याची बाजूही येथेच सांगून टाकतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांत, ज्यांचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असे चाकू शस्त्रांच्या यादीत घातले आहेत. घरकाम, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक काम यांसाठी घडवलेली हत्यारे तेवढी त्यांतून वगळली आहेत. आपला खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. तथापि तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे ३७ वे कलम आज महाराष्ट्रात आणि गुजरातेत त्या त्या राज्याच्या नावाने चालू आहे. शांततेला धोका दिसल्यास ठरावीक दिवसांपुरती चाकू, काठ्या बाळगण्यास मनाई करण्याचा अधिकार त्या कलमाने अधिकाऱ्यांना मिळतो. असे जाहीरनामे वर्तमानपत्रांत येतात. ते वाचावेत, आणि सभा, मिरवणूक, निवडणूक, न्यायालय अशा ठिकाणी चाकू घरी ठेवून जावे. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. सामानात देण्याच्या पेटीत आठवणीने टाकावा, नाही तर तपासणीच्या टेबलावर त्याचा कायमचा निरोप घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिली बाब पात्याच्या लांबीची. रोजच्या कामाला ५ ते ७ सेंटिमीटरांचे पाते पुरते. पेरू, सफरचंद, लिंबू, दोरी, पाकीट यांना त्याहून मोठे लागत नाही. आणि लोकांत उघडल्यावर शेजारचा माणूस दचकत नाही, हाही गुण लहान समजू नये. लांबीपेक्षा महत्त्वाची, आणि गिऱ्हाईक सहसा पाहतच नाही ती बाब म्हणजे जाडी. पाते हे शेवटी एक पाचरच असते. पाठीशी २ मिलिमीटरांच्या आसपास जाड असलेले पाते सफरचंदातून सरळ उतरते. तेच ४ मिलिमीटर जाड असले, तर धार कितीही लावा, अर्ध्यावर गेल्यावर ते सफरचंद कापत नाही, कुऱ्हाडीने लाकूड फोडावे तसे फोडते. ‘जाड म्हणजे मजबूत’ या समजुतीने पुष्कळ लोक निकामी चाकू घरी आणतात.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे सांधा. पाते आणि मूठ जेथे मिळतात तेथेच तुमच्या बोटांचे भवितव्य ठरते. या सांध्याचे ठोकळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्यात पाते केवळ घर्षणाने अडलेले असते. जपानातल्या मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ हा या जातीचा प्रसिद्ध चाकू. त्याच्या पात्याला मागे एक छोटी शेपटी असते. चाकू उघडला की ती मुठीच्या पाठीवर येते, आणि कापताना अंगठा तिच्यावर दाबून ठेवावयाचा असतो. दुसऱ्यात मुठीच्या पाठीत स्प्रिंगची पट्टी असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरी ही युक्ती रुळली, आणि आपल्या आजोबांचा चाकू बहुधा याच जातीचा होता. पट्टी पाते उघडे धरते आणि मिटलेलेही धरते, पण कुलूप लावीत नाही. तिसऱ्यात खरोखरीचे कुलूप असते : कोठे पाठीवरचा खटका, कोठे मुठीच्या आतून सरकून पात्यामागे अडणारी पत्र्याची पट्टी, तर कोठे फिरवायचे कडे.

कडे म्हटले की फ्रान्समधल्या ‘ओपिनेल’ची आठवण होते. आल्प्सच्या कुशीतल्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल नावाच्या लोहारपुत्राने १८९० साली शेतकऱ्यांसाठी हा चाकू घडवला : बीच लाकडाची गोल मूठ, एक पाते, एक खिळा. १८९७ साली त्याने १ ते १२ अशा क्रमांकांची मापे ठरवली. ८ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरांचे, आणि तेच सर्वांत अधिक परिचित. १९५५ साली त्याला सांध्यावर फिरणारे पोलादी कडे मिळाले. चाकू उघडून कडे वळवले की पाते मिटू शकत नाही. इतकी साधी आणि इतकी बिनचूक योजना क्वचितच पाहायला मिळते. एक गोष्ट मात्र आपल्या हवामानात ध्यानी ठेवावी. लाकूड पावसाळ्यात फुगते, आणि कोकण-गोव्याच्या आषाढात हा चाकू उघडेनासा होतो. मग सॅव्हॉयचे शेतकरी करतात तेच करावे : मुठीचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकावे, पाते थोडे बाहेर येते. मुठीला अधूनमधून जवसाचे तेल चोळले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

कुलूप हवे की नको? याचे उत्तर पाते कोणत्या दिशेने मिटते हे समजले म्हणजे आपोआप मिळते. कापताना आपण धारेकडून दाब देतो. त्या दाबाने पाते उघडण्याच्याच दिशेला रेटले जाते आणि आपल्या जागी घट्ट बसते. पण टोक खुपसून भोक पाडायला गेलात, किंवा कापता कापता अडकलेले पाते पाठीकडून हिसकलेत, तर दाब उलटा पडतो. बिनकुलुपी चाकू त्या क्षणी मिटतो, आणि मिटण्याच्या वाटेवर तुमची चार बोटे असतात. तेव्हा ज्याला फळे व पाकिटेच कापावयाची आहेत त्याला स्प्रिंगचा साधा चाकू पुरे. ज्याला पुठ्ठे भोसकावयाचे आहेत, बागेत काम आहे, किंवा ज्याच्या बोटांत पूर्वीचा जोर राहिलेला नाही, त्याने कुलपाचाच घ्यावा. आणि चाकू कोणताही असो, त्याने पेच फिरवू नये, डब्याचे झाकण उचकटू नये. तो कापण्यासाठी आहे, पहार म्हणून नव्हे.

तिसरी बाब पोलादाची. पोलादाचा विषय निघाला की आपल्याला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतून मुशीत तयार केलेले ‘वुट्झ’ पोलाद एके काळी इराणपर्यंत जात असे. लंडनचा नामांकित हत्यारे करणारा जेम्स स्टोडार्ट याला ते इतके आवडले की, त्याचे रहस्य शोधण्यासाठी त्याने १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडेबरोबर प्रयोग केले. ती परंपरा लोपली. आज बाजारात निवड करावयाची ती दोन कुळांत. एक साधे कार्बनचे पोलाद. त्याला धार चटकन लागते आणि ती सुरेख असते. पण कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवले तर पाते काळवंडते, फळालाही लोखंडाची चव येते, आणि दमट हवेत एका रात्रीत गंजाचे ठिपके उठतात. दुसरे न गंजणारे पोलाद. १९१३ साली शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने सुमारे १३ टक्के क्रोमियम घालून असे पोलाद ओतले, आणि चाकू-सुऱ्यांच्या धंद्याचे रूप पालटले. पूर्वी हे पोलाद मऊ राही, म्हणून जुनी माणसे त्याला नाक मुरडत. आता ते खरे नाही. पणजी, मालवण, मुंबई अशा खाऱ्या हवेच्या गावी राहणाऱ्याने, आणि चाकू पुसण्याचा ज्याला कंटाळा आहे अशा प्रत्येकाने, न गंजणारेच घ्यावे. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या हौशी माणसाने खुशाल कार्बनचे घ्यावे. वापरता वापरता त्यावर चढणारी करडी-निळसर झाक हा गंज नव्हे. ती उलट तांबड्या गंजाला थोडी थोपवून धरते.

चौथी बाब मुठीची आणि सोबतच्या अवजारांची. येथे स्वित्झर्लंडच्या तांबड्या चाकूचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. कार्ल एल्सनरने १८८४ साली इबाख येथे आपला कारखाना काढला, १८९१ साली स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि १८९७ साली त्याच्या ‘ऑफिसर’ चाकूची नोंदणी झाली. १९०९ साली त्याची आई व्हिक्टोरिया वारली, तेव्हा तिचे नाव त्याने मालाला दिले. पुढे १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचे ‘इनॉक्स’ हे नाव त्याला जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. या चाकवांत ५८ मिलिमीटरांच्या किल्लीजोगत्या मापापासून पुष्कळ मापे मिळतात. येथे मोह आवरावा. भिंग, करवत, बूच काढायचे मळसूत्र, माशाचे खवले काढायचे पाते अशी वीस अवजारे असलेला चाकू दोन दिवस मित्रांना दाखवला जातो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या वजनामुळे टेबलाच्या खणात पडतो. खणातला चाकू हा खिशातला चाकू नव्हे. पाते, कात्री, फार तर एक पेचकस, इतके पुरे. वजन तोळामाशांत मोजण्याची गरज नाही, पण सदऱ्याचा खिसा लोंबू नये.

परदेशी नावे घेतली म्हणून आपल्याकडे काही नाही असे कोणी समजू नये. कच्छात भुजजवळची रेहा गावे आणि अंजार शहर सुडी-चप्पूसाठी, म्हणजे अडकित्ते आणि चाकू यांसाठी, पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहेत. २००१ च्या भूकंपात अंजार उद्ध्वस्त झाले, पण त्याचा हा धंदा मोडला नाही. पितळी मुठीचा एखादा कच्छी चप्पू हाती घेऊन पाहावा. चांगल्या कारागिराचा असेल तर तो विलायती मालाशेजारी ठेवायला संकोच वाटू नये. मात्र परीक्षा दोघांचीही सारखीच कडक करावी.

ती परीक्षा दुकानातच करता येते, आणि म्हणूनच पहिला चाकू शक्यतो हाती घेऊन विकत घ्यावा, चित्र पाहून मागवू नये. चाकू उघडून पाते डावी-उजवीकडे हलवून पाहावे; सांध्यात डुलत असेल तर परत द्यावा. मिटून उजेडासमोर धरावा. पाते मुठीच्या दोन फळ्यांच्या नेमके मधोमध उतरले पाहिजे, एका बाजूला घासता कामा नये, आणि टोक कोठेही बाहेर डोकावता कामा नये, नाही तर खिसा आणि मांडी दोन्ही फाटतील. स्प्रिंग इतकी ताठ नसावी की उघडताना नख मोडेल. इतकी ढिलीही नसावी की खिशात आपोआप उघडेल. शेवटी मूठ आवळून धरावी. चारही बोटांना, निदान तिघांना, जागा मिळाली पाहिजे. ओल्या हाताने काम करावयाचे असेल तर गुळगुळीत, चकचकीत धातूची मूठ टाळावी.

चाकू घरी आल्यावर खरे नाते सुरू होते, आणि ते धारेचे. बोथट चाकू सुरक्षित असतो, ही घरोघरची समजूत साफ चुकीची आहे. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, जोर दिला की ते घसरते, आणि घसरले की बोटावर येते. कुरुंदाचा बारीक दगड घरी असावा. पाते दगडावर उभे धरले की काटकोन होतो. त्याच्या निम्मे ४५ अंश, त्याच्या निम्मे साधारण २२, आणि त्याहून किंचित कमी, असा २० अंशांच्या आसपासचा कोन धरून दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला बोटाला अगदी बारीक खरखर लागते. मग बाजू बदलावी, आणि अखेर जुन्या चामडी पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने चार-सहा फेऱ्या ओढून ती खरखर काढावी. वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला, की धार लागली. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावर चांगला चाकू शक्यतो देऊ नये. ठिणग्या उडवीत फिरणाऱ्या कोरड्या चाकाने पात्याची कड इतकी तापते की, कधी ती निळी पडते. आणि निळी पडली म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. मग किती घासले तरी त्या जागी धार टिकत नाही. सांध्यात साचलेला कचरा काडीने काढून खाद्य तेलाचा एक थेंब सोडला, पाते पुसून कोरडे ठेवले, की दुसरी सेवा लागत नाही.

शेवटी मुलांविषयी. शिसपेन्सिलीला टोक करायलाही आता छोटे यंत्र मिळते, त्यामुळे बारा-तेरा वर्षांची पुष्कळ मुले आज हातात उघडे पाते धरायला शिकलेलीच नसतात. मग एके दिवशी नकळत ती शिकू लागतात, आणि तेही कुणी जवळ नसताना. त्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी समोर बसवून शिकवावे : कापताना धार आपल्यापासून दूर असावी, पाते मिटताना बोटे त्याच्या वाटेत नसावीत, दुसऱ्याला द्यावयाचा तर मिटून, नाही तर मूठ पुढे करून द्यावा, आणि हातातून निसटलेला चाकू कधीही झेलू नये, पडू द्यावा. हे चार नियम पाच मिनिटांत सांगून होतात आणि जन्मभर पुरतात.

खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो, आणि शस्त्रे नसलेल्या घरी विळी, कोयता, करवत, हातोडी यांना गंधफूल वाहतो. त्या पाटावर या छोट्या चाकूलाही जागा असावी. तो कुणाला भिववत नाही, मिरवत नाही. कुणी ‘जरा चाकू आहे का हो?’ म्हणून विचारले की खिशातून निघतो, काम करतो आणि मिटून परत जातो. आगगाडीच्या डब्यात एका पेरूच्या चार फोडी करून चार अनोळखी माणसांना देता येणे, हे काही लहान सामर्थ्य नव्हे. चाकू निवडताना असे काम डोळ्यांपुढे ठेवावे, म्हणजे हात आपोआप योग्य चाकवाकडे जाईल.